चार सेकंदांत नाव सांगा

मी पोटासाठी काय करते हे आमच्या गावात कोणाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या ऑफिसातही फारसं कोणाला कळत नाही. फरक इतकाच की गावातले लोक तसं कबूल करतात.

संगणक आता टेबलावर बसून राहत नाही. तो भिंतीत शिरतो, मनगटावर बसतो, टीव्हीत आणि दिव्याच्या बटणात राहायला येतो. घरभर पसरलेल्या या यंत्रांशी माणसाने बोलायचं कसं, ते आम्ही ठरवतो. एकच प्रश्न फोनवर लिहून यावा, टीव्हीवर मोठ्या अक्षरांत दिसावा, आणि हात पिठात असतील तर भिंतीवरच्या डब्याने तो तोंडी विचारावा. माणूस जिथे असेल तिथे, जसा असेल तसा. याला आम्ही लवचिक इंटरफेस म्हणतो. आमच्या नागपूरच्या ऑफिसात हा 'लवचिक' शब्द दिवसभर इतका उगाळला जातो की चहा आणणाऱ्यालाही तो पाठ झाला असावा. ज्यांची मान स्वतःच्या स्क्रीनवरून शेजारच्याकडे वळत नाही असे पंधरा जण तिथे लवचिकतेवर बोलत बसतात. मीही त्यांतलीच. दहा वर्षं झाली.

आमच्या साहेबांचं एक आवडतं वाक्य आहे. "आधी युजरच्या घरात शिरा." स्वतः साहेब कोणाच्या घरात शिरताना चपला काढतात की नाही हे मला माहीत नाही, कारण ते कोणाकडे गेल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांच्या केबिनबाहेर एक मोठं चित्र लावलेलं आहे. त्याला पर्सोना म्हणतात. म्हणजे आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांची एक मनाने रचलेली प्रतिनिधी. आमच्या ग्रामीण प्रतिनिधीच्या कपाळावर राजस्थानी बोरला आहे, अंगात घागरा आहे आणि मागे वाळूचा डोंगर आहे. भंडारा जिल्ह्यात घागरा घालून धान रोवणारी बाई मला अजून पाहायची आहे. चित्राखाली तिचं नाव, वय, आवडीनिवडी आणि 'स्वप्ने' असा एक रकाना आहे. दोन वर्षं मी त्या चित्रासमोरून जाता-येता एकदाही तोंड उघडलं नाही. पगार वेळेवर होत होता.

म्हाताऱ्या माणसांच्या घरासाठी एक नवी व्यवस्था करायचं ठरलं तेव्हा ती तपासायला साहेबांना खेड्यातली दहा घरं हवी होती. मी आमचं घर दिलं. सानगडीच्या बाजारापासून पाच-सहा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे त्याच्या बांधाच्या पायथ्याशी, आमचं गाव आहे. बाबांना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. घरात ते आणि आई दोघंच. मी एकुलती एक, तीही नागपुरात. बाबा कधी घसरून पडले आणि जवळपास कोणी नसलं, तर आईने काय करायचं, या एका प्रश्नाने मला झोप लागत नसे. तेव्हा घर देताना माझ्या मनात काळजी होतीच. पण साहेबांसमोर 'माझं स्वतःचं गाव आहे' म्हणताना जी छाती फुगली, तीही माझीच होती.

यंत्रं बसवायला दोन इंजिनियर आणि एक संशोधक मुलगी असे तिघे आले. मुलीने उन्हाची गोल टोपी घातली होती आणि ती जेवतानाही काढली नाही. आईने त्यांना गरम भात, वरण आणि तलावातल्या माशांचा रस्सा वाढला. मुलीने भाताचा फोटो काढला, माशांचा काढला, गोठ्याचा काढला, आणि मग वही उघडून आईला विचारलं, "तुमच्या रोजच्या जीवनातली सर्वांत मोठी अडचण कोणती?"

आईने जरा विचार केला. "माकडं," ती म्हणाली. "घरावरचे कवेलू फोडून टाकतेत."

मुलीने ते लिहून घेतलं. पुढे तिच्या अहवालात 'माकडे' हा शब्द 'विषयाबाहेर' या मथळ्याखाली मी वाचला. आईने एवढ्या वर्षांत कोणाला स्वतःची अडचण सांगितली असेल तर ती त्या एका दिवशी, आणि तीही विषयाबाहेर निघाली.

संध्याकाळपर्यंत ओसरीत एक डबा, न्हाणीच्या बाहेर एक डबा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक स्क्रीन आणि बाबांच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा, एवढं सगळं लागलं. स्क्रीन मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावून घेतली. आई माझ्या खांद्याला लागते, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

बाबा बाजेवर बसून डब्याकडे बघत होते. त्यांनी जड जिभेने विचारलं, "हा सारं आईकते का?"

"सारं आईकते बाबा," मी म्हणाले. "अन सारं ध्यानात ठेवते. कवाचंबी पुन्हा आईकता येते."

बाबांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी डब्याला राम राम करू लागले.

आता त्या चार सेकंदांबद्दल. 'मदत' असा शब्द ऐकला की डब्याने शेजाऱ्यांना, दवाखान्याला आणि मला कळवायचं, अशी साधी योजना होती. पण टीव्हीवरच्या मालिकांत रोज कोणीतरी मदतीसाठी ओरडत असतं. ऑफिसात खोट्या हाका येऊ लागल्या आणि साहेब घाबरले. तेव्हा मी तोड काढली. डब्याने आधी विचारावं, "कोणाला मदत हवी आहे? नाव सांगा." घरात राहणाऱ्यांपैकी एकाचं नाव कानावर पडलं तरच पुढे कळवावं. थांबायचं किती, यावर वाद झाला. मी म्हणाले, आपल्याच माणसाचं नाव सांगायला चार सेकंद पुष्कळ झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही ऑफिसात आपापली नावं घेऊन पाहिली. कोणालाही एका सेकंदाच्या वर वेळ लागला नाही.

घरी चाचणी घेताना मी स्वतः ओसरीवर आडवी झाले आणि आईला म्हटलं, मी पडले असं समज. आई पदर तोंडाला लावून हसली. "उठ वं, असं पडून नोको राहू, बरं नाई दिसत." मग तिने मदत मागितली, डब्याने नाव विचारलं, तिने चाचणीपुरतं यादीत घातलेलं माझं नाव सांगितलं. हिरवा दिवा लागला. मी कागदावर लिहिलं, चाचणी यशस्वी.

ते जुलैमध्ये. पुढे रोवणीची, म्हणजे भातलावणीची, धांदल सुरू झाली. रोज संध्याकाळी मी फोन करायची. आई रोज सांगायची, जेवले, बाबा जेवले, इकडं सारं ठीक हाय, आपल्या बांधीतला रोवणा व्हायचा हाय. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं खाचर.

आमच्याकडे दर सोमवारी आढावा असतो. तपासणीच्या घरांतून आलेली रेकॉर्डिंग तिथे ऐकवतात. कोणाचं घर कोणतं ते कळू नये म्हणून घराला क्रमांक असतो आणि आवाज यंत्राने बारीक केलेला असतो, बदकासारखा. त्या सोमवारी टोपीवाली मुलगी म्हणाली, "आज एक मजेशीर तुकडा आहे, घर क्रमांक सात." तिने बटण दाबलं.

डबा म्हणाला, "कोणाला मदत हवी आहे? नाव सांगा."

एक बदकाचा आवाज घाईघाईने म्हणाला, "बांधीत रोवला धान, धुऱ्यावर..."

"नाव समजले नाही," डबा म्हणाला. "कृपया पुन्हा सांगा."

बैठकीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, अरे ती उखाणा घेते आहे. मग तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं झालं. मीही हसले. हे मी कोणाच्या माथी मारू शकत नाही. यंत्रापुढे उखाणा घेणारी बाई, याचं मला पंधरा जणांइतकंच हसू आलं.

दुसऱ्यांदा तोच आवाज आला. "बांधीत रोवला धान, धुऱ्यावर तूर..." आणि डब्याने पुन्हा तोडलं.

तेव्हा माझं हसू थांबलं. हा उखाणा दुसऱ्या कोणाचा नाही, आईचा आहे. तिने तो स्वतः जुळवला होता, आणि मावशीच्या पोरीच्या लग्नात बायकांनी अडवून धरलं तेव्हा मान खाली घालून घेतला होता. बांधीत रोवला धान, धुऱ्यावर तूर, अमुकरावांचं नाव घेते, माहेर नाही दूर. पहिली ओळ म्हणायची, जरा थांबायचं, मग नाव. थांबल्याशिवाय उखाणा होत नाही. बाकीच्या बायका कान टवकारून त्या थांबण्याचीच वाट पाहत असतात.

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्यामागे आणखी एक आवाज होता. कोणीतरी जमिनीजवळून कण्हत होतं. तुकडा तिथेच संपला.

मी म्हणाले, "ही माझी आई आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांचा चेहरा खरोखर गंभीर झाला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "म्हणजे हे तर फारच मोलाचं आहे. अस्सल घरातून आलेलं." मग ते उठले आणि फळ्यावर लिहू लागले. सेटिंगमध्ये 'सांस्कृतिक पर्याय' असा एक विभाग करायचा. त्यात 'पतीचे नाव न उच्चारणाऱ्या महिला' असं एक बटण. चालू किंवा बंद. बटणाशेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं छोटं चित्र. पडलेल्या माणसाचं काय झालं, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. अहवालात त्या प्रसंगापुढे हिरवी खूण होती. सहा वेळा विचारूनही उत्तर न मिळाल्यामुळे डब्याने तो प्रश्न स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर पाठवला होता, तिथून टीव्हीवर, तिथून कपाटात चार्जिंगला लावलेल्या फोनवर. 'तीन ठिकाणी प्रश्नाचे यशस्वी स्थलांतर.' बाबा न्हाणीच्या दारात पडलेले, आई त्यांच्याजवळ बसलेली, आणि माझा लवचिक प्रश्न रिकाम्या खोल्यांतून घरभर फिरून आलेला.

मी बाहेर येऊन घरी फोन केला. आई म्हणाली, "सारं ठीक हाय." मी म्हटलं, बाबा पडले ते मला माहीत आहे. मग ती म्हणाली, "तुले कायले सांगाचं? तू तिकडं काम करून राहिली."

बाबा बरे होते, हाड मोडलं नव्हतं. सकाळच्या गाडीने येते असं मी तिला सांगितलं. आणि मग, खोटं कशाला सांगू, परत जागेवर बसून मी ते डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र काढलं. साहेबांना ते संध्याकाळी हवं होतं. सुबक झालं होतं.

गाडीत बसल्यावर मी माझा पासवर्ड टाकून मूळ रेकॉर्डिंग उघडलं, खऱ्या आवाजातलं. बैठकीत डब्याच्या पहिल्या प्रश्नाला जोडून फक्त हसण्याजोगा भाग ऐकवला होता. त्याच्या आधीचे तीन प्रयत्न त्यात होते. "घरचे पडले." नाव समजले नाही. "हे पडले, हे." नाव समजले नाही. "माह्या पोरीचे बाबा." नाव समजले नाही. त्यानंतर तीन वेळा उखाणा.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या आईच्या पिढीतल्या बायका मानतात. मी ते मानत नाही, पण मला ते माहीत होतं. लहानपणी रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फॉर्मवर बाबांचं नाव कोणी विचारलं की आई मला पुढे ढकलायची, "सांग वं पोरी." ते नाव सांगायचं काम घरात माझं होतं. सात-आठ वर्षांची असताना जे मला पक्कं ठाऊक होतं, ते दहा वर्षं पगार घेऊन मी विसरले. नवरा डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला असताना, सगळ्या दिवसांतून नेमक्या त्याच दिवशी, ती त्याचं आयुष्य कमी करणारं नाव कसं उच्चारणार होती? एक सूट तिला ठाऊक होती, उखाण्याची. ती तिने वापरली. शहाणपण तिने दाखवलं आणि नापास आम्ही तिला केलं.

मी घरी पोचले तेव्हा बाबा बाजेवर होते. कमरेला काळंनिळं झालं होतं, साकोलीच्या डॉक्टरने मलम दिलं होतं. आई तांदूळ निवडत होती. तिने मला पाणी दिलं आणि काही झालंच नाही अशी पुन्हा निवडायला बसली. काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने काढून घ्यावं लागलं.

डब्याचं बोलणं थांबल्यावर ती उठली, अंगणाच्या टोकाला गेली आणि समोरच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बायांकडे बघून ओरडली, "बाया हो, धावा." एवढंच. नऊ बाया गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट धावत आल्या. कोणाला मदत हवी आहे, असं एकीनेही विचारलं नाही. चौघींनी बाबांना उचललं, एकीने पाणी आणलं, एक पोरगा पाठवून गाडी बोलावली. मग त्या परत बांधीत गेल्या, कारण पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, उपटून ठेवले होते. ओसरीवर त्यांच्या पायांचे ठसे मी गेले तेव्हाही होते. आईला पुसायला वेळ मिळाला नव्हता.

"आई," मी म्हणाले, "डब्ब्याचं चुकलंच. आता त्यात सुधारणा करून राहिले. नाव नाई घेत असन कोनी, तं एक बटन राहीन."

आईने सूप खाली ठेवलं. ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"नावच कायले पायजे त्याले?" ती म्हणाली. "घरात आमी दोघं. मी बोलून राहिली. मंग पडला कोन, हे त्याले समजत नाई?"

पंधरा जणांच्या डोक्यात जे इतक्या महिन्यांत आलं नाही ते तिने तांदूळ निवडता निवडता सांगितलं. दोन माणसांच्या घरात एक बोलतो आहे, म्हणजे पडला तो दुसरा. पर्सोना नको, बटण नको, पदराचं चित्र नको. मी ते सुबक काढलेलं चित्र मनात धरून माझ्याच ओसरीवर बसले होते आणि मला स्वतःची किळस येत होती.

दुपारी आई धुणं घेऊन तलावावर गेली. बाबांनी डावा हात हलवून मला जवळ बोलावलं. त्यांचा अर्धाच चेहरा हसतो, आणि तो अर्धा तेव्हा हसत होता.

"तुह्या मायनं," ते सावकाश म्हणाले, "माह्यं नाव घेतलं. तीन डाव. लग्नातल्यासारखं."

"तुमाले आईकू आलं?"

"मी खालीच तं होतो." ते थोडे थांबले, दम घेतला. "डब्बा मधातच बोलून राहिला होता. पन तिनं पुरं केलं. तिन्ही डाव पुरं केलं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं, आई परत तर येत नाही ना, आणि आवाज आणखी खाली आणला. "तू म्हनली होती ना, सारं ध्यानात ठेवते म्हनून. ते लाव. मले पुन्हा आईकू दे."

मी फोन हातात घेतला, आणि तसाच धरून राहिले. डबा फक्त आपले चार सेकंद साठवतो. नंतर तो स्वतः बोलू लागतो आणि बोलताना ऐकत नाही. वीज वाचावी म्हणून तसं ठरलं होतं, आणि ज्यांनी ठरवलं त्यांत मी होते. त्या फोनमध्ये धान होता, तूर होती, बाबांचं कण्हणं होतं, आणि तिन्ही वेळा नावाच्या जागी माझा प्रश्न होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

"नाई बाबा," मी म्हणाले. "त्यात नाई ते. त्यानं आईकलंच नाई."

बाबांनी भिंतीवरच्या डब्याकडे बराच वेळ पाहिलं, ज्याला ते रोज राम राम करत होते.

"मंग," ते म्हणाले, "कायच्या कामाचा हाय तो?"